विचारलं होतं

माझी बायको एलुबे गेली त्याला सात महिने झाले. ती कशाने गेली असं गावात कुणालाही विचारलं असतं, तर एकच उत्तर मिळालं असतं. टॅब चुकला. मीच तसं सांगत फिरलो होतो. आधी मुलीला सांगितलं, मग सासरच्यांना, मग जिल्ह्याच्या साहेबांना. ते खरं नव्हतं.

मी कांगोमाच्या आरोग्य केंद्रात वैद्यकीय सहायक होतो. डॉक्टर नाही. डॉक्टर जिल्ह्याच्या गावी असतो, रस्ता बरा असेल तर दोन तासांवर. आमच्याकडे मी, नर्स ग्लाडेस आणि एक शिपाई, एवढेच. सकाळी सातपासून बाकांवर चाळीस-पन्नास माणसं बसलेली असायची. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

तीन वर्षांपूर्वी राजधानीतून, लिलोंग्वेहून, टॅब आले. रोगी समोर बसला की टॅब एकेक प्रश्न विचारतो. ताप आहे का, किती दिवस, उलटी, खोकला, पोट कुठे दुखतं. आपण बोटाने उत्तर दाबायचं. शेवटी तो चार-पाच आजारांची नावं दाखवतो आणि प्रत्येक नावापुढे शंभरात किती शक्यता ते लिहितो. हाच आजार आहे असं तो कधीच म्हणत नाही. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. म्हातारी माणसं विचारायची, "काय म्हणते तुमची पाटी?" मी सांगायचो, "मलेरिया, शंभरात सत्तर." ती म्हणायची, "आणि उरलेले तीस कुणाचे?" पुढे सवय झाली. टॅब चांगला होता. ग्लाडेस आणि मी मिळून जी पोरं वाचवली नसती, अशी बरीच पोरं त्याने वाचवली.

बहुतेक प्रश्नांना तीन उत्तरं असतात. हो, नाही, माहीत नाही. दिवस किंवा जागा सांगायची असेल तिथेही शेवटी "माहीत नाही" असतंच. "माहीत नाही" दाबलं की टॅब खोलात शिरतो. आणखी प्रश्न विचारतो, एखादी तपासणी करायला लावतो, ती होईपर्यंत पुढे जाऊ देत नाही. एका रोग्यामागे दहा मिनिटं जास्त जातात.

जिल्ह्याचे मुसुकवासाहेब दर महिन्याला सगळ्या केंद्रांची बैठक घ्यायचे. भिंतीवर आकडे दाखवायचे, कुठल्या केंद्राने किती वेळा "माहीत नाही" दाबलं. मग सगळ्यांत वरच्या केंद्राच्या माणसाकडे बघून म्हणायचे, "या भल्या माणसाला स्वतःचं नाव तरी माहीत आहे का, कुणीतरी विचारा." सगळे हसायचे. पहिल्या वर्षी एकदा माझ्यावरही हसले. त्यानंतर मी ते उत्तर दाबणं हळूहळू बंद केलं. ताप दोन दिवस की तीन दिवस याचा आईला घोळ झाला तर मी तीन दाबायचो. म्हातारा ऐकू येत नसल्यासारखं करायला लागला तर "नाही" दाबायचो. सलग आठ महिने माझ्या केंद्राचा आकडा शून्य होता. मला चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं. दुसऱ्या केंद्रांतली माणसं हे कसं जमतं ते विचारायला आली आणि मी त्यांना शिकवलं.

एलुबे गेली त्याआधीच्या आठवड्यात मी तळ्याकाठच्या गावांत मच्छरदाण्या वाटायला गेलो होतो. आठ दिवसांनी गुरुवारी घरी आलो. एलुबेने मक्याच्या पिठाची नसिमा आणि सुकी मासळी केली होती. मला वाढलं, स्वतः मात्र जेवली नाही. पोटात उजवीकडे दुखतंय म्हणाली. मी आत जाऊन अंगरखा खुंटीला लावला, तेव्हा बिछान्याच्या उशाशी लाल माळ टांगलेली दिसली.

आमच्याकडे बायको हे तोंडाने सांगत नाही. लग्नाआधी वडीलधाऱ्या बायका तिला मण्यांच्या माळा देतात. पाळी आली की ती लाल माळ उशाशी टांगते, संपली की पांढरी. नवऱ्याने बघायचं आणि समजायचं. विचारायचं नाही. सोळा वर्षांत मी एलुबेला या बाबतीत एकही प्रश्न विचारला नव्हता आणि तशी गरज कधी पडली नव्हती.

सकाळी तिला सायकलवर मागे बसवून केंद्रात नेलं. ग्लाडेस दारातच होती.

"आज साहेबीणबाईंना रांग नाही वाटतं?"

"रांगेतच बसते की," एलुबे म्हणाली. "नाहीतर उद्या तू गावभर करशील."

"मी तसंही करणारच आहे. बसा आत."

मी टॅब घेतला. ताप थोडा. उलटी एकदा. पोट उजवीकडे, खाली. मग टॅबने विचारलं, शेवटची पाळी कधी आली, आणि त्याखाली, गरोदर असण्याची शक्यता आहे का. बाईला हे प्रश्न ग्लाडेस विचारायची. तेवढ्यापुरता मी बाहेर जाऊन उभा राहायचो. ग्लाडेसने हात पुढे केला.

"द्या, मी विचारते."

"अगं, घरचंच माणूस आहे," मी म्हणालो. "मला माहीत आहे."

"मग बरंय. तुमच्याएवढं हुशार कोण," असं म्हणून ती मलेरियाची पट्टी आणायला गेली.

मी पाळीच्या प्रश्नाला "चालू आहे" दाबलं. गरोदर, "नाही". पट्टी आली, तिच्यावर दुसरी रेघ उमटली, म्हणजे मलेरिया. आमच्याकडे पावसाळ्यात निम्म्या गावाची उमटते. टॅबने सांगितलं, मलेरिया शंभरात चौसष्ट, लघवीचा दाह एकवीस, मग आणखी दोन नावं. सगळ्यांत खाली, नळीत राहिलेला गर्भ, शंभरात एकाहून कमी. ती ओळ मी वाचली. वाचली नाही असं म्हणणार नाही. मलेरियाच्या गोळ्या आणि दुखण्याची गोळी देऊन मी एलुबेला शिपायाबरोबर घरी पाठवलं आणि पुढचं नाव पुकारलं.

शनिवारी सकाळी ती न्हाणीच्या कुडात पडली. मी गेलो तेव्हा तिचे ओठ पांढरे होते आणि पोट फळीसारखं घट्ट. रुग्णवाहिका तीन तासांनी आली. पुलाच्या अलीकडेच ती गेली. तरीही आम्ही तिला जिल्ह्याला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने सांगितलं, गर्भ नळीत होता, दीडेक महिन्याचा, नळी फुटली. अशा वेळी अधूनमधून थोडा रक्तस्राव होतो, बाईला पाळीच आली असं वाटतं. मग त्याने विचारलं, "लघवीची पट्टी लावून गरोदरपण बघितलं होतं का तुम्ही?" ती पट्टी आमच्या कपाटात होती. पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो, "टॅबने करायला सांगितलं नाही." त्याने मान हलवली. माझ्यासाठी त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं.

आलिनाफे बारा वर्षांची आहे. मातीच्या दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाबा, आईला काय झालं होतं ते तुम्हाला कळलं नाही?"

"यंत्राने चुकीचं सांगितलं, बाळा."

"यंत्र खोटं बोलतं?"

"कधीकधी," मी म्हणालो.

आठवडाभराने एका दुपारी केंद्रात कुणी नव्हतं. मी औषधांच्या खोलीत बसून एलुबेची सगळी उत्तरं टॅबमध्ये पुन्हा भरली. फक्त त्या दोन प्रश्नांना "माहीत नाही" दाबलं. टॅब थांबला. गोळ्यांचं नावही काढू देईना. लघवीची पट्टी करा, तोवर या बाईला घरी पाठवू नका, असं लिहून आलं. मी ते पुसून टाकलं.

त्यानंतर चौकशीची बैठक झाली. मुसुकवासाहेब स्वतः कांगोमाला आले. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही. त्यांच्यासमोर नोंद उघडी होती.

"इथे लिहिलंय, गरोदर, नाही. काफेरे, हे तुम्ही विचारलं होतं ना?"

खोलीत ग्लाडेस होती, लिलोंग्वेहून आलेली, टॅबचं काम बघणारी एक बाई होती, शिपाई होता. मी म्हणालो, "विचारलं होतं."

ग्लाडेसने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी घरी विचारलं असेल, असं ती धरून चालली. साहेबांनी लिहून घेतलं. लिलोंग्वेच्या बाईने ओठ आवळले. रोगी बाई स्वतःच नाही म्हणाली होती, तरी टॅबने शंका घ्यायला हवी होती, त्याच्या आकड्यांत दोष आहे, असं ठरलं. अकरा केंद्रांचे टॅब गोळा करून पेटीत बंद केले. जाताना साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी तो सोडवून घेतला नाही.

टॅब गेल्यावर ग्लाडेसची फार ओढाताण झाली. "पोराचे श्वास मोजायचे मी, ठरवायचं मी, आणि उरलेले तीस कुणाचे ते देवाला विचारायचं," म्हणायची. एका पोराची मान ताठ आहे, म्हणजे मेंदूज्वर, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. ते वाचलं, पण त्याला आता ऐकू येत नाही. तेव्हाही मी बोललो नाही.

सासरच्यांबद्दल सांगायला हवं. आमच्यात नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो. घर मी बांधलं, पण जमीन त्यांची आणि पोरंही त्यांचीच. बायको गेली की त्या घराण्याने ठरवायचं, जावयाला मोकळं करून त्याच्या गावी पाठवायचं की ठेवून घ्यायचं. शोक संपवायच्या दिवशी हे ठरतं. घराण्यात शब्द चालतो तो एलुबेच्या मामांचा, चिंबालांगामामांचा. माझं गाव तिथून पायी दिवसभराच्या वाटेवर. मोकळा झालो असतो तर आलिनाफे मागे राहिली असती. मला फक्त तिच्याजवळ राहायचं होतं. दुसरं काही मागण्यासारखं माझ्याकडे उरलं नव्हतं.

आणि ती माणसं माझ्याशी फार चांगली वागत होती. इतकी चांगली, की मला कळेना. सासूबाई रोज माझ्यासाठी ताट पाठवायच्या. आठवड्याला कोंबडी कापली जायची आणि तिची पेटी, म्हणजे पोटातला दाणे दळणारा घट्ट मांसल तुकडा, माझ्या ताटात यायची. तो घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाचा मान असतो. खरं तर ती मामांच्या ताटात जायला हवी होती. मी ती आलिनाफेला देऊन टाकायचो. ती म्हणायची, "आजी रागवेल." मी म्हणायचो, "सांगू नकोस."

तीन महिन्यांनी, शोक संपवायच्या आदल्या दिवशी दुपारी ग्लाडेस माझ्या अंगणात आली. बायका आंबवलेल्या पेजेची मडकी गाळत होत्या, म्हणून आम्ही घरामागे बसलो.

"काफेरेसाहेब, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तुम्ही घरी विचारलंत. मग तिने नाही असं का सांगितलं?"

मी कुडाची एक काडी ओढून मोडली.

"तिला माहीत नसेल, असं मी म्हणते. पण विहिरीवर बायका वेगळंच बोलतात. दीड महिना झालेला. नवरा स्वतः डॉक्टर, तो विचारतोय. आणि बाई नाही म्हणते. बायका म्हणतात, नवऱ्यापासून बाई हे कधी लपवते?" तिने पदराने नाक पुसलं. "तुम्ही त्या महिन्यात दोनदा बाहेरगावी होतात ना? तेही मोजतात मेल्या. मी एकीच्या तोंडावर बादली रिकामी केली. पण कितीजणींच्या तोंडावर करणार? मलाच झोप नाही. तेव्हा मी हात पुढे केला होता, तुम्ही टॅब दिला नाहीत. मी हिसकावून घ्यायला हवा होता. माझीच चूक आहे ती."

ती रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसलो होतो. कोंबडीची पेटी दर आठवड्याला का येत होती, ते मला तेव्हा कळलं. ती माणसं माझं सांत्वन करत नव्हती. ती माफी मागत होती.

दुसऱ्या दिवशी कबरीवरचं गवत काढून झालं. माणसं जेवली. मामांनी मला बाजूला घेतलं. मामा सत्तरीचे, एका पायाने अधू, जीभ मात्र सरळ. आम्ही त्यांच्या धान्याच्या कणगीखाली बसलो.

"जावई, ऐका. घर तुमचंच आहे. तुम्ही राहा. पोरीला बाप हवा. पुढे बायको करायची झाली तर आम्हीच बघून देऊ. बाहेरची आणलीत तर कोंबड्यासुद्धा तुम्हाला ओळख देणार नाहीत."

"मामा..."

"थांबा, मला बोलू द्या. मला हे बोलायला जड जातंय." त्यांनी काठीने जमीन उकरली. "आमच्या पोरीने तुमच्यापासून लपवलं. का, ते ती घेऊन गेली. लोक काय बोलतात ते तुम्हीही ऐकलं असेल. आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही. तिच्या आईने महिना झाला विहिरीवर जाणं सोडलं. आणि तुम्ही एका शब्दाने आम्हाला टोचलं नाहीत. असा जावई मी पाहिला नाही."

तिथे उठून "मामा, मला थोडं पाणी द्या" असं म्हणून विषय बदलता आला असता. मी तसं करणार होतोसुद्धा. पण ते म्हातारे डोळे पुसायला लागले, एलुबेच्या लाजेने, आणि मला ते बघवेना.

"तिने काही लपवलं नाही," मी म्हणालो. "मी तिला विचारलंच नव्हतं."

मामांना आधी समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. लाल माळ सांगितली. ग्लाडेसचा हात सांगितला. बैठकीत खोटं बोललो ते सांगितलं. सांगायला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला.

मामांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे हे सगळे महिने माझी बहीण तुम्हाला कोंबडी खाऊ घालतेय."

"हो."

"आणि तुम्ही खाताय."

मी आलिनाफेला देत होतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. बोललो नाही.

"उठा," मामा म्हणाले. "मला सांगून काय उपयोग. तिच्या आईला सांगा."

जावई सासूशी बोलत नाही. ती समोरून आली तर त्याने वाट सोडायची, तिने तोंड फिरवायचं. दोघांनीही एकमेकांची अब्रू अशी राखायची असते. सोळा वर्षांत मी सासूबाईंचा चेहरा नीट पाहिला नव्हता. त्यांची पाठ मला माहीत होती आणि टाचा. म्हणून मामा त्यांच्या घराच्या दारात उभे राहिले, मी ओसरीवर चटईवर बसलो, सासूबाई आत, आडव्या टांगलेल्या चटईमागे. मी मामांना सांगायचं आणि मामांनी आत.

मी पहिल्यापासून सांगितलं. आठ दिवसांचा प्रवास, तळ्याकाठचे रस्ते, त्या दिवशीची रांग.

मामा आत म्हणाले, "बहिणी, जावई म्हणतात, त्यांनी पोरीला विचारलं नव्हतं. भिंतीवरची माळ बघून लिहिलं."

"मामा, चाळीस माणसं बाहेर बसलेली होती, हेही सांगा," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. ते त्यांनी सांगितलं नाही.

"म्हणतात, साहेबांना खोटं सांगितलं. पोरीने लपवलं नाही. तिला कुणी विचारलंच नाही."

माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यात काहीच उरलं नव्हतं. मी सांगितलेली कारणं सगळी गळून गेली होती. अंगणातल्या बायका ओसरीजवळ आल्या होत्या. आलिनाफे त्यांच्यात उभी होती. तिला तिथून हलवा, असं मला ओरडावंसं वाटलं.

मग सासूबाई आतून म्हणाल्या, मामांना, "त्यांना विचार. तिने आपणहून काही सांगितलं होतं का?"

मामांनी माझ्याकडे वळून विचारलं.

हे मी वर लिहिलं नाही. मामांनाही कणगीखाली सांगितलं नव्हतं. ग्लाडेस पट्टी आणायला गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. ते तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं आणि कधी कळलंही नसतं. मी नाही म्हणालो असतो तर माझं निम्मं झाकलं असतं. विचारलं नाही, पण तीही काही बोलली नाही. रीत अशीच आहे, कुणाकडूनही घडलं असतं. मामांनीही कदाचित मला ठेवून घेतलं असतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला वाटतं, मी नाही म्हणावं असंच त्यांना वाटत होतं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "म्हणाली, आलिनाफेचे बाबा, या वेळचं नेहमीसारखं नाही."

"मग?"

"मी टॅबवर बघत होतो. मी म्हणालो, तो विचारेल तेवढ्याचंच उत्तर दे."

मामांनी दाराची चौकट धरली. त्यांनी आत काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मधे एक चटई होती फक्त.

आत हालचाल झाली. सासूबाई चटईमागून बाहेर आल्या, मामांच्या हाताखालून ओसरीवर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एका बाईने "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला. मी डोळे खाली केले. रीतीप्रमाणे.

"लेव्हिसन," त्या म्हणाल्या.

सासू जावयाला नावाने हाक मारत नाही.

"लेव्हिसन, वर बघ."

मी वर पाहिलं. एलुबेचंच कपाळ होतं, तेच थोडे दूर असलेले डोळे. त्या रडत नव्हत्या.

"तू जा," त्या म्हणाल्या. "पोरगी इथे राहील. तिला भेटायला येत जा, अडवणार नाही."

एवढंच. मग त्या पायऱ्या उतरल्या, बायकांच्या मधून गेल्या, बादली उचलली आणि विहिरीच्या वाटेला लागल्या. महिन्याभरानंतर पहिल्यांदा. दोघी-तिघी त्यांच्या मागे गेल्या.

पुढच्या सोमवारी मी जिल्ह्याला जाऊन मुसुकवासाहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "तो आकडा भिंतीवर मी लावायचो." मग म्हणाले, "म्हणून तुमचं कमी होत नाही." मी म्हणालो, होत नाही. टॅब परत केंद्रांत गेले. ग्लाडेसकडे आता एक नवीन मुलगा आहे माझ्या जागी. मला रोगी बघायची मनाई आहे. माझ्या गावाजवळच्या केंद्रात औषधांचं गोदाम सांभाळतो.

महिन्यातून एका रविवारी मी तिकडे जातो. पहाटे सायकल काढली तर दुपारी पोहोचतो. माझ्या घरात आता मामांचा नातू राहतो. मी सासूबाईंच्या ओसरीवर बसतो. आलिनाफे येऊन शाळेतलं सांगते, गणितात किती, कुठल्या मैत्रिणीशी भांडण. आईबद्दल काही विचारत नाही. मी आणलेली बिस्किटं घेते आणि "बाबा, मी आत ठेवून येते" म्हणून जाते. कधी लवकर परत येते, कधी नाही.

तेवढ्यात सासूबाई पाणी घेऊन येतात. समोर बसतात. माझ्याकडे बघून बोलतात, वाटेने जाणाऱ्या कुणाशीही बोलावं तसं. "रस्त्यात चिखल होता का? जेवलास का? तुमच्याकडे मका कसा आहे यंदा?" त्यांच्या बोलण्यात राग नसतो. मीही उत्तरं देतो. चिखल होता. जेवलो. मका बरा आहे. समोर खुराड्यात एखादी कोंबडी खुडबुडत असते आणि त्या माझ्या उत्तराची वाट बघत, पदराने वारा घेत, तोंड न फिरवता बसलेल्या असतात.